राजधानी किती कोस? बीडच्या अंतरांचा इतिहास

बीडहून मुंबई किती लांब आहे? प्रश्न शाळेतल्या भूगोलाच्या तोंडी परीक्षेतला वाटतो. पण उत्तर द्यायला बसले की एकच आकडा पुरत नाही. अक्षांश-रेखांशांवरून हिशेब केला, तर दोन्ही शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३०३ किलोमीटर येते. रस्त्याने जाणाऱ्याला वाटेनुसार पावणेचारशे ते चारशे किलोमीटर पडतात. ताशी ८०० किलोमीटर वेगाचे विमान सरळ रेषेत उडाले, तर ते तेवीस मिनिटांत मुंबईवर येईल. उड्डाण आणि उतरण्याचा वेळ धरून फार तर पाऊण-एक तास. मात्र हा शेवटचा आकडा निव्वळ कागदी आहे, कारण बीडला विमानतळच नाही.

हैदराबादच्या बाबतीत हाच हिशेब केला, तर सरळ अंतर निघते सुमारे ३४० किलोमीटर. म्हणजे आजची राजधानी मुंबई आणि १९५६ पर्यंतची राजधानी हैदराबाद, या दोहोंच्या जवळपास मध्यावर बीड आहे. जिल्ह्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. दोन राजधान्यांपासून सारख्याच अंतरावर असलेला हा मुलूख दोन्ही राज्यांत सारखाच ‘लांबचा’ का राहिला? नकाशा बदलला, राज्यकर्ते बदलले, भाषावार प्रांत झाले. लांबपण मात्र बदलले नाही. म्हणून बीडचे अंतर कोणी, कोणत्या मापाने मोजले आणि त्या मापाचा इथल्या माणसाच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

मध्यरेषेवरचे गाव

आरंभ अशा काळापासून करतो, जेव्हा बीड कशापासूनही लांब नव्हते. उलट अंतरे मोजायला जिथून सुरुवात करायची त्या रेषेवर होते.

आज जग ग्रिनिचपासून रेखांश मोजते. भारतीय ज्योतिषांची मध्यरेषा उज्जैनवरून जात असे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी दक्षिणोत्तर रेषा म्हणजे शून्य देशांतर, असे सिद्धान्तग्रंथ सांगतात. या रेषेच्या पूर्वेला गाव असेल तर तिथे सूर्योदय आधी, पश्चिमेला असेल तर नंतर. आणि हा फरक घटिका-पळांत मोजायचा. आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.७८ अंश पूर्व, बीडचा सुमारे ७५.७६ अंश पूर्व. फरक दोन-तीन किलोमीटरांचा, म्हणजे शहराच्या विस्तारात सहज सामावणारा. बीड उज्जैनच्या अगदी सरळ दक्षिणेस आहे.

याच संदर्भात भास्कराचार्यांचे नाव निघणे अपरिहार्य आहे. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा आहे, हा त्यांचा एक आधार. दुसरा पक्ष चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो. तिथल्या मंदिरात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. बीडचा दावा आपुलकीने मांडला जातो, पण पाटणच्या बाजूने दगडावर कोरलेला पुरावा आहे, हे विसरून चालणार नाही. तो वाद इथे सोडवायचा नाही. आपल्या विषयाला भास्कराचार्य हवे आहेत ते वेगळ्या कारणाने.

पृथ्वीचा परिघ कसा काढावा, हे त्यांनी गोलाध्यायात सांगितले आहे, आणि त्या रीतीचा पाया दोन गावांमधले अंतर हाच आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्यावीत, त्यांच्यातले अंतर योजनांत मोजावे, दोघांच्या अक्षांशांतला फरक काढावा. इतक्या अंशांना इतकी योजने, तर ३६० अंशांना किती? साधे त्रैराशिक. त्यांनी दिलेला परिघ आहे ४९६७ योजने. बीड आणि उज्जैन यांच्या अक्षांशांत ४.१९ अंशांचा फरक आहे. त्रैराशिक उलटे केले, तर दोहोंमधले अंतर सुमारे ५८ योजने निघते. आजच्या मापाने ते सुमारे ४६४ किलोमीटर. त्या रीतीसाठी याहून चांगली जोडी शोधूनही सापडणार नाही.

यात एक बारकावा आहे. भास्कराचार्यांचे अंतर हे आकाशाचे अंतर आहे. त्यात वाटेत सातपुडा आडवा येत नाही, तापी-नर्मदा ओलांडाव्या लागत नाहीत. आजचे विमानाचे अंतर याच जातीचे. गणित अचूक असते, पण चालणाऱ्याच्या कामाचे नसते. चालणाऱ्याचे माप वेगळे होते.

चाळीस दिवसांची वाट

चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद करून तिथे दुसरी राजधानी उभी केली. दिल्ली ते दौलताबाद हे अंतर किती? त्याच्या दरबारी राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता योजने किंवा कोस देत नाही. तो म्हणतो, चाळीस दिवस. रस्त्याच्या दुतर्फा झाडे इतकी, की वाटसरूला आपण बागेतून चालल्यासारखे वाटावे, असेही तो नोंदवतो. सुलतानाला पिण्यासाठी गंगेचे पाणी या चाळीस दिवसांच्या वाटेने दौलताबादला येत असे.

दिल्ली-दौलताबाद सरळ अंतर भरते सुमारे ९८० किलोमीटर. चाळीसने भागले तर रोज साडेचोवीस किलोमीटर; वाटेची वळणे धरली तर तीस. लवाजमा घेऊन चालणाऱ्या माणसाची ही मजल. पण त्याच रस्त्याने सरकारी टपाल कितीतरी लवकर जाई. सिंधपासून दिल्ली पन्नास दिवसांची वाट असता डाकेने बातमी पाच दिवसांत पोहोचते, असे इब्न बतूता सांगतो. दर मैलात तीन चौक्या, घुंगरांची काठी हाती घेऊन धावणारा हरकारा आणि घुंगरांचा आवाज ऐकताच तयार राहणारा पुढचा गडी. याचा अर्थ असा की एकाच वाटेची लांबी सत्तेला पाच दिवस होती आणि रयतेला पन्नास. अंतर कमी करण्याची हिकमत सत्तेजवळ तेव्हाही होती. ती कोणासाठी वापरायची हेही तीच ठरवत होती.

या सुलतानाचा बीडशी आलेला संबंध गमतीचा आहे. तेलंगणाच्या मोहिमेतून आजारी होऊन परतताना बीडजवळ त्याचा एक दात पडला, तो त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर वास्तू बांधवली, असे फिरिश्ता लिहितो. बीडच्या परिसरातल्या डोंगरावर ती वास्तू लोक आजही दाखवतात. बीडहून दौलताबाद सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. आपल्या हिशेबाने पाच मजलांची वाट. आजारी सुलतानालाही ती तशीच काढावी लागली.

नदी आणि नाका

मजलांचा हिशेब ऋतूवरही अवलंबून असे. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे गोदावरी. उन्हाळ्यात ती ओलांडायला घटकाभर पुरे, श्रावणात मात्र दोन काठांमधले अंतर दिवसांत मोजावे लागे. याचा सर्वांत मोठा दाखला गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनचा. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. पावसाळ्यात गोदावरी उतरताना निजामाची फौज दुभंगली होती. खुद्द निजाम पलीकडे, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे. पाण्याच्या या पट्ट्यामुळे पलीकडची फौज मदतीला येऊ शकली नाही आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीचे पात्र नकाशावर केसाएवढे दिसते. त्या दिवशी त्याने लढाईचा निकाल ठरवला.

पुढे निजामी अमलात नदीइतकीच आडवी आली ती सरहद्द. बीडच्या पश्चिमेला अहमदनगर जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. आष्टी, पाटोद्याची माणसे भाषा, सोयरीक, देवदेवस्की या सर्वांनी नगरशी बांधलेली. पण मध्ये करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकात खात्याचा नाका. नाण्यांतही फरक, इकडे हाली सिक्का तर तिकडे कलदार. पाच-सात कोसांवरचा बाजार परका झाला आणि शेकडो कोसांवरचे हैदराबाद आपले. कोर्ट-कचेरीचा शेवटचा शब्द हैदराबादला, वरचे शिक्षण उस्मानियात आणि तेही उर्दूतून. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या छावण्यांनी करोडगिरीची नाकी का लक्ष्य केली, याचे एक कारण इथे सापडते. नाका हा अंतर वाढवणारा खांब होता, आणि तो कोणी उभा केला हे सगळ्यांना दिसत होते.

चारी बाजूंनी रूळ

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि अंतर तासांत मोजले जाऊ लागले. बीडचा खरा तोटा इथून सुरू होतो. कसा, ते तारखांच्या क्रमाने पाहू.

१८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद-सिकंदराबाद मार्ग झाला आणि निजामाची राजधानी मुंबई-मद्रास मार्गाला जोडली गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि बीडच्या पश्चिमेला नगरला रेल्वे आली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला धावली. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली. म्हणजे दक्षिणेला रूळ झाले. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड-सिकंदराबाद मार्ग पुरा केला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी ही वाट उत्तरेकडून गेली. पूर्वेला निजामाच्या राज्यातच परभणी-परळी आणि विकाराबाद-परळी हे मार्ग झाले. परळी वैजनाथ आज बीड जिल्ह्यातले जंक्शन आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणापासून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास.

नकाशावर हे मार्ग काढले की एक वेडेवाकडे कडे तयार होते आणि त्याच्या मध्यभागी रिकामी जागा दिसते. ती जागा म्हणजे बीड. नगर, जालना, बार्शी, परळी यांपैकी कुठलेही स्थानक गाठायचे तर बैलगाडीचे दोन-चार दिवस ठरलेले. यामागे कोणाचा कट होता असे म्हणण्याचे कारण नाही. गोदावरीचे खोरे सपाट, कापसाच्या मोठ्या पेठा त्या बाजूला. बालाघाटचे पठार चढउताराचे, तिथे रूळ टाकणे खर्चाचे. शिवाय नगरहून पूर्वेकडे रूळ न्यायचे तर दोन राज्यांनी मिळून ठरवायला हवे होते, आणि सरहद्दीवरचा मुलूख दोघांच्याही लेखी शेवटचे टोक होता. प्रत्येक मार्गाचे कारण पटण्याजोगे आहे. सगळ्या कारणांची बेरीज मात्र बीडच्या वाट्याला आली.

रेल्वेने अंतर सगळीकडे सारखे कमी केले नाही, हा या प्रकरणाचा मुख्य धडा. पूर्वी जालन्याचा आणि बीडचा व्यापारी दोघेही बैलगाडीनेच जात. दोघांच्या वेळेत फार तफावत नव्हती. १९०० नंतर जालन्याचा माल रात्रीत मनमाडला पोहोचू लागला. बीड होते तिथेच होते, तरी शेजारी पुढे गेल्यामुळे ते मागे पडले. जमिनीवरचे अंतर तसूभरही न बदलता गाव लांब जाते, ते असे.

रस्त्याच्या वाहतुकीतही हीच दुभंगलेली कहाणी आहे. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपला रस्ते-वाहतूक विभाग २७ बसगाड्यांनिशी सुरू केला. तिकडे मुंबई प्रांतात राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे ते अहमदनगर. ही बस जिथे थांबली तिथून पुढची वाट बीडची. पण त्या दिवशी पलीकडे दुसरे राज्य होते. साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, ते राज्य भारतात विलीन झाले.

राजधानी बदलली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बीडकराचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले. भाषा आपली, माणसे आपली. किलोमीटरांच्या हिशेबात मात्र फारसा फायदा झाला नाही, ३४० ऐवजी ३०३.

खरा फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी हैदराबाद गाठण्याची गरज संपली. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बसू लागले. बांधावरून, वाटणीवरून, कुळाच्या हक्कावरून भांडणारा शेतकरी यापूर्वी मुंबईला जायचा. जाण्या-येण्याचे दोन दिवस, मुक्कामाचा खर्च, तारीख पडली की पुन्हा तेच. खंडपीठ झाल्यावर तीच खेप सुमारे १३० किलोमीटरांवर आली. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी जेवायला येऊ लागला. यासाठी कुठला रस्ता बांधावा लागला नाही की रूळ टाकावा लागला नाही. राजधानीचा एक तुकडा जवळ आणून ठेवला, एवढेच. अंतर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच असावा, असे माझे मत आहे.

एकशे सदुसष्ट किलोमीटर

रेल्वेची मागणी मात्र तशीच होती. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हाचे अंदाजपत्रक ३५३ कोटी रुपयांचे. निवडणुका आल्या-गेल्या, खासदार बदलले, केशरबाई क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंडेंपर्यंत अनेकांची नावे या मागणीशी जोडली गेली. खर्च वाढत वाढत ४ हजार ८०० कोटींच्या घरात गेला आणि निम्मा वाटा राज्याने उचलायचा ठरला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून न्यू आष्टीपर्यंत, ६६ किलोमीटरवर, प्रवासी गाडी आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली.

नगरला रेल्वे आली १८७८ मध्ये, बीडला २०२५ मध्ये. मध्ये १४७ वर्षे. मंजुरीपासून धरले तरी तीस वर्षांत १६७ किलोमीटर, म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर. मुहम्मद तुघलकाच्या लवाजम्याने हे अंतर आठवड्यात काटले असते.

आता या मार्गाची मापे पाहा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, ते बीड हे सरळ हवाई अंतर सुमारे १०७ किलोमीटर. रूळ जातो १६७ किलोमीटर, कारण बालाघाटच्या चढाला वळसे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडीला साडेपाच तासांच्या आसपास लागत होते. सरासरी वेग ताशी तीस किलोमीटर. एस.टी. याहून लवकर पोहोचते. यावरून काहींनी या गाडीची थट्टाही केली. मला ती रास्त वाटत नाही. तिकीट एस.टी.पेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मजुराच्या कुटुंबाला, बाजाराचे गाठोडे घेऊन निघालेल्या बाईला वेळेइतकाच पैशाचाही हिशेब असतो. आणि रूळ एकदा पडले की गाडीचा वेग वाढवता येतो, नसलेल्या रुळांवर काहीच वाढवता येत नाही. बीडहून परळीपर्यंतचे सुमारे ९४ किलोमीटर जोडले गेले की ही वाट आंधळी गल्ली न राहता मराठवाड्यातून आरपार जाणारी होईल. सव्वाशे वर्षांपूर्वी नकाशावर राहून गेलेली रिकामी जागा तेव्हा खऱ्या अर्थाने भरेल.

विमानाचीही चर्चा आता होते. आज बीडच्या माणसाला विमानाने मुंबईला जायचे तर आधी १३० किलोमीटर संभाजीनगर, तिथे तासभर आधी हजेरी, मग तासाभराचे उड्डाण आणि मुंबईत उतरून पुन्हा रस्ता. दारापासून दारापर्यंत सहा-सात तास सहज जातात. रात्रीच्या बसने जाणारा आठ-नऊ तासांत झोपेतच पोहोचतो. कागदावरचे तेवीस मिनिटांचे उड्डाण जमिनीवर आले की त्याचे असे होते.

उसाची वाट

आतापर्यंत राजधानीकडे जाणाऱ्या वाटांचा विचार केला. पण बीडमधून सर्वांत जास्त माणसे ज्या वाटेने जातात ती राजधानीची नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या दिवसांतच, दसरा-दिवाळीच्या सुमारास, जिल्ह्यातून लाखांच्या संख्येने माणसे ऊसतोडीला निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई अशा सगळ्या तालुक्यांतून टोळ्या बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत.

कोल्हापूरचे अंतर मी मुद्दाम काढून पाहिले. बीड ते कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, जवळजवळ मुंबईइतकेच. पण ऊसतोड कामगार हे अंतर ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत बसून काटतो. ताशी वीस-पंचवीसचा वेग, वर संसाराची भांडी, खोपीचे सामान, कोंबड्या, शेळी आणि मांडीवर लेकरे. वाटेत थांबत थांबत दिवस-रात्र जाते. त्याच आकाशातून त्याच तीनशे किलोमीटरांसाठी नेत्यांची हेलिकॉप्टरे तास-दीड तास घेतात. हरकाऱ्याच्या पाच दिवसांची आणि रयतेच्या पन्नास दिवसांची गोष्ट सातशे वर्षांनी अशी समोर येते.

जुन्या माणसांना मी एकच प्रश्न विचारत आलो आहे, कारखाना किती लांब होता? किलोमीटरांत उत्तर कोणीच दिले नाही. बैलगाडीने जायच्या काळातली माणसे मुक्काम मोजतात. “तांबडं फुटताना गाडी जुंपायची अन् दिवस मावळला की सोडायची, असे मुक्काम करीत जायचं.” त्यानंतरच्या पिढीतल्या बाया वेगळेच माप सांगतात, उचल फिटेपर्यंत. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली आणि कारखान्याचा पट्टा पडला की गाव जवळ येते. उचल अंगावर राहिली की तोच फड पुढच्या सालापर्यंत पाठ सोडत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याचे गावापासूनचे अंतर पाच-सहा महिने. मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती उन्हाळ्यात. त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहे निघाली, तेव्हा तिथे राहिलेल्या मुलांना शाळा जवळ राहिली आणि आई लांब गेली. हे अंतर मोजायला कुठलाही कोस पुरत नाही.

या वाटेचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. राक्षसभुवनची लढाई पाठ्यपुस्तकात आहे, तुघलकाचा दात दंतकथेत आहे. पण दरवर्षी जाणाऱ्या या माणसांचे मुक्काम कुठे कुठे पडत, कोणत्या विहिरीवर बैल पाजत, कोणता घाट रात्री चढत आणि ट्रॅक्टर आल्यावर कोणती गावे वाटेतून सुटली, याची नोंद नाही. बैलगाडीने गेलेली शेवटची पिढी अजून हयात आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी दहा वर्षे हे एकच काम केले तरी ते मोलाचे ठरेल.

माप कोणते धरायचे?

सारांश असा. बीडचे अंतर योजनांत मोजले तेव्हा ते मध्यरेषेवर होते. दिवसांत मोजले तेव्हा शेजारच्या गावांच्या बरोबरीने होते. तासांत मोजायला लागल्यावर ते मागे पडले, आणि मिनिटांत मोजायला गेलो तर ते हिशेबातच येत नाही. दर वेळी वाहनाचा वेग वाढला, पण वाहन कोठून न्यायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत बीड नव्हते. हैदराबादची बैठक असो की मुंबई-दिल्लीची, दोन्हींना हे लागू पडते. निजामाला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. पण १९५६ नंतरची एकोणसत्तर वर्षे निजामाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

सूर्याच्या मापाने पाहिले तर हैदराबादचा सूर्य बीडला यायला अकरा मिनिटे लागतात आणि बीडचा मुंबईला जायला साडेअकरा. जुन्या मापाने प्रत्येकी सत्तावीस ते एकोणतीस पळे. हा एकच प्रवासी दोन्ही राजधान्यांना बीडपासून सारखे अंतर ठेवून चालतो. बाकीच्या सगळ्या अंतरांना माणसांनी घेतलेले निर्णय कारण आहेत, म्हणून ती बदलताही येतात. १९८१ मध्ये न्यायालय जवळ आले, २०२५ मध्ये रूळ आले. पुढची मागणी करताना ‘मुंबईला किती मिनिटांत?’ या प्रश्नाआधी ‘दवाखान्याला किती वेळात, महाविद्यालयाला किती पैशांत आणि घर न सोडता कामाला किती कोसांवर?’ हे प्रश्न विचारावे लागतील. बीडच्या पुढच्या इतिहासकाराने अंतराचे हेच माप हाती धरावे.